विदूषकाचा वेष : सामान्यनाम आणि विशेषनाम

मराठीत विनोदी पात्राला नावे पुष्कळ आहेत. संस्कृत नाटकात नायकाचा खादाड ब्राह्मण मित्र म्हणून वावरतो तो विदूषक; तमाशाच्या फडात सरदाराच्या शब्दाला शब्द लावून त्याची फजिती करतो तो सोंगाड्या; आणि सर्कशीच्या रिंगणात धडपडत येतो तो जोकर. पहिले नाव शास्त्रातून आले, दुसरे लोकव्यवहारातून, तिसरे इंग्रजीतून. मात्र ज्या इंग्रजीतून ते आले, त्या भाषेत सर्कशीतील या पात्रास जोकर म्हणण्याची चाल नाही. तेथे तो क्लाउन. आणि सोळाव्या शतकातील इंग्रजीत क्लाउन म्हणजे गावंढळ, खेडवळ मनुष्य. आपल्याकडे १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी सर्कस उभारली, त्यानंतर हा व्यवसाय येथे रुजला. आणि १९७० च्या ‘मेरा नाम जोकर’ या चित्रपटाने जोकर हा शब्द अधिकच पक्का केला. प्रस्तुत लेखात रिंगणातील या पात्रास मी विदूषक असेच म्हणणार आहे. शब्द जड आहे हे मान्य. परंतु जोकर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तयार चित्र उभे राहते, आणि त्या तयार चित्राविषयीच मला तक्रार करावयाची आहे.

ते चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. सफेद्याने माखलेले तोंड, लाल चेंडूसारखे नाक, नारिंगी केसांचा टोप, ठिपक्यांचा ढगळ झगा, वीतभर पुढे आलेले बूट. हा पोशाख आज कोणत्याही शहरात भाड्याने मिळतो आणि वाढदिवसाच्या समारंभांत दिसतो. त्यावरून ‘हा विदूषक आहे’ एवढे कळते. ‘हा कोणता विदूषक’ हे मात्र कळत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा वेष म्हणजे सामान्यनाम होय. उलट ज्याचे पोट या व्यवसायावर आहे त्या विदूषकाला दुसराच प्रश्न सोडवावा लागतो. सामान्यनामाच्या कक्षेत राहून विशेषनाम कसे मिळवावयाचे, हा तो प्रश्न. आरशापुढे बसून तो भुवई कोठे काढावी, टोपी लहान घ्यावी की मोठी, याचा विचार करतो तेव्हा तो स्वत:चे नामकरणच करीत असतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का डोकवावे, असा आक्षेप कोणी घेईल तर त्याला माझे हेच उत्तर आहे.

विदूषकाच्या वेषाविषयी जे लिहिले जाते त्याचे बहुधा दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारचे टीकाकार रंगामागचे अश्रू शोधीत असतात. या प्रवृत्तीला बळ मिळाले ते जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) या लंडनच्या नटामुळे. पांढऱ्या तोंडावर गालांवर लाल त्रिकोण काढण्याची त्याची पद्धत पुढे इतकी रूढ झाली की, इंग्लंडमध्ये विदूषकाला ‘जोई’ म्हणू लागले. विशेषनामाचे सामान्यनाम झाले. त्याच्या आठवणी डिकन्सने संपादित करून १८३८ मध्ये प्रसिद्ध केल्या. आप्तांचे मृत्यू, झिजून गेलेले शरीर, अकाली निवृत्ती हे सारे त्यांत वाचल्यावर वाचकाला असे वाटू लागले की, रंगवलेला चेहरा म्हणजे दु:खावरचे झाकण. ग्रिमाल्डीचे दु:ख खरे होते. परंतु झाकणाच्या आत डोकावण्याच्या नादात झाकणाकडे पाहण्याचे राहून जाते. १८०० मध्ये सॅडलर्स वेल्स येथील ‘पीटर विल्किन्स’ या खेळाच्या वेळी जुना गावंढळाचा वेष टाकून भडक रंगांचा, विचित्र नक्षीचा पोशाख त्याने अंगावर चढविला. हा बदल त्याच्या दु:खातून समजावून देता येत नाही. तो समजावयाचा तर त्या रंगभूमीवर त्याच्याशेजारी चमकदार वेषात कोण उभे होते आणि त्याच्यापुढे हा कसा दिसणार होता, हेच पाहिले पाहिजे.

दुसऱ्या प्रकारचे टीकाकार आपल्याकडे अधिक. त्यांच्या मते विकृती हे हास्याचे मूळ. नाट्यशास्त्राने विदूषक बुटका, दंतुर, कुबडा, टकला, पिंगट डोळ्यांचा असा वर्णिला आहे आणि विकृत वेष हा हास्यरसाचा विभाव मानला आहे, एवढा आधार त्यांना पुरतो. मात्र त्याच ग्रंथात विदूषकाच्या हास्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : अंगाने होणारे, वाणीने होणारे आणि नेपथ्याने होणारे. हा विभाग फार मोलाचा आहे. अंग हे जन्माने मिळते. नेपथ्य निवडावे लागते. दोन्ही हसवितात, पण निवड फक्त एकाच ठिकाणी संभवते. ‘विकृती’ या एका शब्दाखाली दोन्ही बाबी ढकलून दिल्या की ही निवडच दिसेनाशी होते. गो. के. भट यांच्या १९५९ च्या ग्रंथापासून विदूषकाचा विचार आपल्याकडे बराच पुढे गेला आहे. तथापि त्या पात्राचा उगम आणि नाटकातील कार्य यांवर जितकी चर्चा झाली, तितकी त्याच्या वेषावर झाली नाही.

ढगळ विजार स्वत: हास्यास्पद असते काय? खुंटीवर टांगलेली ढगळ विजार पाहून कोणी हसत नाही. १९१४ च्या आरंभी कीस्टोन कंपनीच्या कपड्यांच्या खोलीत चॅप्लिनने जो वेष जुळविला त्याची हकीकत त्याने आपल्या १९६४ च्या आत्मचरित्रात दिली आहे. विजार ढगळ, कोट आवळ; टोपी लहान, बूट मोठे. प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी विसंगत असावी, एवढेच तत्त्व त्यामागे होते. येथे विनोद विजारीत नाही. तो विजार आणि कोट यांच्यामधल्या जागेत आहे. वाक्यात शेजारी आलेले शब्द जसे परस्परांना अर्थ देतात, तसेच हे आहे. मिशीविषयी त्याने दिलेले कारण अधिक सूक्ष्म आहे. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि पात्र वयाने मोठे दिसावयास हवे होते. भरघोस मिशी लावली असती तर वय वाढले असते, पण ओठांची हालचाल झाकली गेली असती. म्हणून त्याने ती चिमुकली ठेवली. कॅमेरा जवळ असल्यामुळे त्याला स्वत:च्या ओठांवर विसंबता आले. हीच मिशी सर्कशीच्या तंबूतील शेवटच्या बाकावरून एखाद्या डागासारखी दिसली असती.

शेजाऱ्याशी असलेला हा संबंध एकाच अंगावरील कपड्यांपुरता मर्यादित नाही. युरोपीय सर्कशीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी जोडी स्थिरावली तिच्यात हे उत्तम दिसते. एक श्वेतमुखी : तोंडावर सफेद्याचा अखंड लेप, शंकूच्या आकाराची टोपी, टिकल्यांनी लखलखणारा घट्ट पोशाख, आणि कपाळावर चढलेली एक काळी भुवई. हा हुकूम करणारा, शहाणा, जरा दुष्ट. दुसरा ऑगस्ट : तांबूस रंगाचे तोंड, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती पांढरे, नाक लाल, कपडे मापात नसलेले. हा हुकूम ऐकणारा आणि ऐकताना सारा घोटाळा करणारा. ऑगस्ट हे नाव बर्लिनच्या बोलीतून आले असे सांगतात. तेथे ते मूर्खाला उद्देशून वापरीत. रेन्झच्या सर्कशीत टॉम बेलिंग नावाचा खेळाडू अंगाला न येणारे कपडे घालून चुकून रिंगणात आला आणि प्रेक्षकांनी ‘ऑगस्ट’ म्हणून गिल्ला केला, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिच्यावर माझा विश्वास नाही. एवढी सोयीस्कर कथा बहुधा नंतर रचलेली असते. पण शब्दाचा प्रवास मात्र लक्ष देण्याजोगा आहे. ज्या रोमन सम्राटाच्या पदवीवरून वर्षाच्या एका महिन्याला नाव मिळाले, त्याच पदवीचे जर्मन लोकांत नाव झाले आणि त्या नावाचा शेवट मूर्खात झाला. मराठीत ‘महाभाग’ या शब्दाचे काय झाले ते आपण जाणतोच.

श्वेतमुखी आणि ऑगस्ट यांचा संबंध सोस्यूरच्या विवेचनाशी जुळतो हे सांगावयास नकोच. पांढऱ्याला अर्थ मिळतो तो शेजारी तांबूस आहे म्हणून; आवळ पोशाखाला अर्थ मिळतो तो समोर ढगळ आहे म्हणून. सर्कशीचा चिन्हविचार व्यवस्थितपणे मांडणारे पॉल बुइसाक यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात या जोडीकडे संस्कृती आणि निसर्ग यांच्या विरोधाच्या दृष्टीने पाहिले आहे. श्वेतमुखी हा संस्कृतीचा अतिरेक, ऑगस्ट हा तिचा अभाव. मांडणी आकर्षक आहे आणि पुष्कळ अंशी खरीही. तमाशातील सरदार आणि सोंगाड्या यांच्याकडेही याच दृष्टीने पाहता येईल. परंतु मला ती थोडी अधिकच नीटनेटकी वाटते. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत गाजलेले फ्रातेल्लिनी बंधू तिघे होते. फ्रांस्वा हा देखणा श्वेतमुखी. अल्बेर हा अवाढव्य तोंडाचा, भयंकर रंगवलेला ऑगस्ट. आणि पॉल हा एकचष्मा लावलेला, एखाद्या नोटरीसारखा दिसणारा, तोंडाला जेमतेम रंग फासलेला गृहस्थ. हा तिसरा कोठे बसवावयाचा? संस्कृती आणि निसर्ग यांच्यामध्ये एक नोटरी आहे असे म्हणावे लागेल. त्याच्यामुळे अल्बेरला आणखी विक्राळ होता आले आणि फ्रांस्वाला आणखी सुंदर. स्वनिमांच्या व्यवस्थेत एक नवा घटक शिरला की बाकीच्यांना आपापल्या जागेवरून सरकावे लागते, तसेच हे झाले. विदूषकाचा वेष दोघांच्या ठराविक विरोधात बांधून टाकता येत नाही; आपल्याशेजारी आज कोण उभे आहे हे पाहूनच तो ठरतो.

ही झाली व्यवस्था. विशेषनामाचा प्रश्न तिच्या पुढचा.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर एक विलक्षण उपाय निघाला. स्टॅन बुल्ट या विदूषकप्रेमी गृहस्थाने १९४६ च्या सुमारास विदूषकांचे चेहरे कोंबडीच्या अंड्यांच्या रिकाम्या टरफलांवर रंगविण्यास प्रारंभ केला. त्याचा छंद पुढे विदूषकांच्या संघटनेने आपलासा केला. टरफलांची जागा चिनी मातीच्या अंड्यांनी घेतली, आणि लंडनच्या डाल्स्टन भागातील एका चर्चमध्ये या अंड्यांच्या मांडण्या लागल्या. नवा विदूषक आपले अंडे नोंदवितो. नोंदलेल्या चेहऱ्याची नक्कल दुसऱ्याने करावयाची नाही, असा अलिखित दंडक आहे. कायद्याचे बळ त्यामागे फारसे नाही. व्यवसायातील लाजेचे बळ आहे, आणि ते पुरेसे ठरते असे दिसते. डेव्हिड फागुंडेस आणि ॲरन पर्झानोव्स्की या अमेरिकी विधिज्ञांनी २०१९ मध्ये या अंड्यांवर प्रबंध लिहिला तोही याच कुतूहलापोटी.

अंड्यांची ही मांडणी म्हणजे विशेषनामांचा कोशच. कोशाला जी मर्यादा असते ती तिलाही आहे. अंडे हलत नाही. या व्यवसायातील जुनी माणसे नवशिक्याला सांगतात की, आरशापुढे हस, रड, दचक, आणि तुझे तोंड कोठे हलते ते पाहा. रेघ तेथे काढ. जेथे हालचाल नाही तेथे काढलेली रेघ मेलेली असते. म्हणजे रंगवलेली भुवई ही खऱ्या भुवईच्या आधारावर जगते. अंड्याला भुवई नाही, गाल नाहीत, शेजारी उभा असलेला सोबतीही नाही. त्यावर उतरते ते फक्त लक्षण. संबंध उतरत नाहीत. दोन अंडी डोळ्यांना अगदी वेगळी दिसतात, आणि त्याच दोन चेहऱ्यांची माणसे रिंगणात सारखीच वाटतात, असे होऊ शकते. वेगळेपणा नोंदविणे आणि ओळख मिळविणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

या भिन्नतेचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण सोव्हिएत विदूषक मिखाईल रुम्यान्त्सेव (१९०१–१९८३) याचे होय. सर्कशीत आल्यावर त्याने चॅप्लिनचा वेष घेतला. त्या काळी असे चॅप्लिन गावोगाव होते. टोपी, छडी, मिशी एवढे केले की प्रेक्षक ओळखीचे हसू हसत असत. रुम्यान्त्सेवची अडचण नेमकी या हसण्यात होती. ते हसू दुसऱ्याच्या नावाने येत होते. १९३०–४० या दशकाच्या पूर्वार्धात त्याने ती मिशी आणि छडी टाकून दिली. नंतर त्याने जे उभे केले ते वरकरणी अगदी अल्प : अंगापेक्षा मोठा काळा सूट, टोकदार टोपी, रंगाचा हात हलका, आणि सोबत क्ल्याक्सा नावाचे छोटे कुत्रे. क्ल्याक्सा म्हणजे शाईचा डाग. त्याने स्वत: नाव घेतले करंदाश, म्हणजे शिसपेन्सिल. या शब्दाची एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. एमान्युएल प्वारे या फ्रेंच व्यंगचित्रकाराने हाच रशियन शब्द फ्रेंच वळणाने लिहून आपले टोपणनाव केले होते; रशियाहून पॅरिसला गेलेला शब्द व्यंगचित्राचा वास घेऊन परत आला. पेन्सिल आणि तिचा डाग : नावांच्या या जोडीत वेषाचे सारे व्याकरण आले आहे. बुटका, काळा, टोकदार आकार रिंगणाच्या पिवळ्या भुशावर एखाद्या खुणेसारखा उमटे. चॅप्लिनच्या वेषाला त्याने भर घातली नाही. त्यातून तो वजा करीत गेला, आणि जे उरले त्याला दुसऱ्या कोणाचे नाव देता येईना.

चॅप्लिनचा वेष त्याच्या अंगावर काय करीत होता, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. माझ्या मते तो अवतरणासारखा होता. दुसऱ्याचे वाक्य आपण उद्धृत करतो तेव्हा शब्द आपल्या तोंडून निघतात, पण बोलणारा दुसराच असतो. नवशिका विदूषक नेहमी अवतरणापासून प्रारंभ करतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही; मूलही दुसऱ्यांचीच वाक्ये बोलून भाषा शिकते. दोष आहे तो अवतरणचिन्हांतच आयुष्य काढण्यात.

अमेरिकेत एमेट केली (१८९८–१९७९) याची वाट वेगळी होती, पण तीही लांबच. तो मुळात व्यंगचित्रे काढणारा. एका भणंगाचे चित्र त्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कागदावर काढले. त्यानंतर कित्येक वर्षे तो झुल्यावर कसरती करीत आणि पांढऱ्या तोंडाचा विदूषक म्हणून वावरत होता. कागदावरचा भणंग रिंगणात उतरला तो मंदीच्या वर्षांत. फाटका कोट, चेंगरलेली टोपी, दाढी वाढल्याची काळी छटा, खाली ओढलेले ओठ. नाव वीअरी विली. मंदीच्या काळात भणंग हे पात्र प्रेक्षकांना चटकन समजले हे खरे. परंतु भणंगाचा वेष करणारे विदूषक तेव्हा अनेक होते. विलीला विशेषनाम मिळाले ते एका कृतीमुळे. दिव्याचा गोल झोत जमिनीवर पडलेला असे, आणि हा झाडू घेऊन तो गोल झाडीत असे. झाडता झाडता प्रकाश लहान होत जाई. त्या कोटातला माणूस हेच काम करील, दुसरे करणार नाही, अशी प्रेक्षकाची खात्री पटे. वेष हा एक प्रकारचा करार असतो. कृतीने तो पाळला तरच वेषाला किंमत येते. रिंगणात येऊन चार कोलांट्या मारणाऱ्याने विलीचा कोट घातला असता तर तो कोट खोटा ठरला असता.

त्याच वेषातील केलीचे एक छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड येथे सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. त्या गडबडीत पाण्याची बादली घेऊन धावणारा केली छायाचित्रात दिसतो. तोंड रंगवलेले, पायांत तेच बूट. हे चित्र पाहताना जो धक्का बसतो त्याचे कारण रंगामागचे अश्रू हे नव्हे. धक्का बसतो तो व्यवस्थेबाहेर पडलेल्या चिन्हाचा. रिंगण गेले, दिवा गेला, झाडू गेला. वेष तेवढा उरला आणि तो काय म्हणतो आहे हे समजण्याची सोय राहिली नाही.

आतापर्यंत मी निवड, नामकरण असे शब्द मोकळेपणाने वापरले. पण ही मोकळीक सर्वांना मिळाली काय? पॅरिसच्या नूव्हो सर्कशीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज फुटिट हा इंग्रज श्वेतमुखी आणि शोकोला हा ऑगस्ट यांची जोडी अतिशय गाजली. शोकोला म्हणजे क्यूबातून लहानपणी स्पेनमध्ये आणला गेलेला एक कृष्णवर्णी, राफाएल. पाडिया हे आडनाव त्याला चिकटविले जाते, पण ते त्याचे होते की नाही याविषयी शंका आहे. जेरार नुआरिएल या इतिहासकाराने २०१६ मधील आपल्या चरित्रग्रंथाच्या उपशीर्षकात त्याला ‘नाव नसलेला माणूस’ म्हटले आहे ते याच कारणाने. फुटिटला पांढरे होण्यासाठी सफेदा लागे. शोकोलाला काळे होण्यासाठी काही लागत नसे. प्रेक्षकांच्या दृष्टीने त्याची त्वचा हाच वेष होता. अंगात बेतशीर कोट, तोकडी विजार, पायमोजे, असा तो पुष्कळदा झकपक असे. म्हणजे ऑगस्टच्या कपड्यांत जे ढगळ, विसंगत असावयास पाहिजे ते त्याच्या कपड्यांत नव्हतेच. विसंगती पाहणाऱ्याच्या मनात होती : अशा त्वचेवर असा कोट. चॅप्लिनच्या बाबतीत जी विसंगती विजार आणि कोट यांच्यामध्ये होती, ती येथे कोट आणि माणूस यांच्यामध्ये आणून ठेवली गेली. आणि नाव? तेही रंगावरूनच. त्याला जे विशेषनाम मिळाले ते वस्तुत: त्याच्या वर्णाचे सामान्यनाम होते.

नाट्यशास्त्रातील अंग आणि नेपथ्य हा भेद मी वर महत्त्वाचा म्हटला तो एवढ्यासाठी. एखाद्या माणसाचे अंगच नेपथ्य म्हणून वाचले जाऊ लागले की निवडीला जागा उरत नाही. आपल्या सर्कशींनी वर्षानुवर्षे ठेंगण्या माणसांना जोकर म्हणून रिंगणात उभे केले. त्यांपैकी कित्येकांचे कौशल्य उच्च दर्जाचे होते. पण तोंडाला काय लावले आहे, कोणती टोपी घातली आहे, याकडे बघण्याआधीच प्रेक्षक हसून मोकळा झालेला असे. हसू आधी येते, वेष नंतर दिसतो. अशा ठिकाणी वेषाला काही बोलता येत नाही. विकृतीला हास्याचे मूळ मानणाऱ्या टीकाकारांनी हा परिणाम विचारात घेतला नाही, ही माझी त्यांच्याविरुद्ध मुख्य तक्रार आहे. याउलट दादा कोंडके यांची लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी घ्या. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून ती महाराष्ट्रभर ओळखली गेली. अभिरुचीविषयी मतभेद असोत. परंतु ती नाडी निवडलेली होती, आणि पडद्यावर दुसऱ्या कोणी ती लोंबविली असती तर प्रेक्षकांनी तिला अवतरणच म्हटले असते.

शोकोलाच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट वेषाच्या चर्चेत सहसा येत नाही. पॅरिसमधील रुग्णालयांत जाऊन तो आजारी मुलांपुढे खेळ करी. फुटिट शेजारी नसताना, रिंगण नसताना, खाटेपासून दोन हातांवर उभा राहून तो काय घालीत असे आणि मुले त्याला काय समजत असत, हे कळण्यासाठी मी पुष्कळ देईन.

कारण वेषाच्या निवडीत अंतराचा हिशेब शेवटी निर्णायक ठरतो. तीन रिंगणांच्या अवाढव्य अमेरिकी तंबूत बोललेले ऐकू जात नसे; म्हणून तेथील विदूषक मुका झाला आणि त्याचे तोंड मोठे झाले. लू जेकब्सचे कपाळावर चढविलेले शंकूसारखे डोके आणि लाल रबरी नाक हे त्या अंतराचे अपत्य होय. युरोपातील एका रिंगणाच्या सर्कशीत विदूषक बोलत राहिला, आणि रंग हळूहळू उतरत गेला. ओलेग पोपोव्ह (१९३०–२०१६) याला चौकड्यांची टोपी आणि पिवळसर केस एवढेच जवळजवळ पुरेसे झाले. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कशीतील मायकेल क्रिस्टेन्सन याने रुग्णालयांतील विदूषकांचे पथक काढले तेव्हा सफेदा जवळपास गेलाच. डॉक्टरचा पांढरा डगला आणि लाल नाक, या दोन वस्तूंच्या शेजारानेच सारे काम केले. आपल्याकडे जो भाड्याचा पोशाख मिळतो तो जेकब्सच्या तंबूसाठी शिवलेला आहे, आणि तो घातला जातो दहा फुटांच्या दिवाणखान्यात.

आमच्या विभागातून पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी गेली काही वर्षे हाच व्यवसाय करतो. आरंभी तोही भाड्याचाच पोशाख घालीत असे. एकदा मुलांच्या वॉर्डात तीन-साडेतीन वर्षांचा एक मुलगा त्याला पाहून असा काही किंचाळला की, परिचारिकेने त्यालाच बाहेर काढले. बाहेरच्या बेसिनवर त्याने तोंड धुतले. घाईत सारा सफेदा गेला, एक भुवई मात्र राहिली. तसाच तो दारातून डोकावला. मुलाने त्या भुवईकडे बोट दाखविले आणि दुसरी कोठे गेली असे विचारले. त्या दिवसापासून हा एकच भुवई काढतो, आणि दुसरी हरवली आहे म्हणून खाटेखाली, उशीखाली, डॉक्टरांच्या खिशात शोधीत फिरतो. अंगात वडिलांचा जुना कोट असतो. बाकी काही नाही. वॉर्डातील मुले त्याला ‘भुवईवाले काका’ म्हणतात.

मागील महिन्यात तो भेटावयास आला तो नवीनच अडचण घेऊन. चारशे आसनांच्या एका सभागृहात खेळ करण्याचे त्याला बोलावणे आले आहे. पाचव्या रांगेच्या पलीकडे भुवई दिसत नाही, हे त्याने रिकाम्या सभागृहात मित्राला उभे करून पाहिले आहे. ती जाड केली की ती रंगवलेली वाटते, हरवलेलीची जोडीदार वाटत नाही. आणि लाल नाक परत लावले तर लोक भुवईकडे बघतच नाहीत. टोपीने काही साधेल काय, असे तो विचारीत होता. कपाळावर एका बाजूला झुकलेली, ज्या बाजूला भुवई नाही ती बाजू झाकणारी टोपी. मी त्याला म्हटले, झाकली तर ती हरवली हे कळणार कसे? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने माझ्या मेजावरची एक जाडजूड पुस्तिका उचलून डोक्यावर आडवी धरली, खिडकीच्या काचेत पाहिले, आणि ती दुसऱ्या बाजूला कलती केली.